दिवाळी करून माघारी आल्यावर : पिशव्या, पाणी, सीताफळं आणि मनातलं

भाऊबीज झाली की दोन दिवसांनी आम्ही माझ्या माहेराहून, औसा तालुक्यातून, संभाजीनगरला माघारी येतो. लातूर, अंबाजोगाई, केज, मांजरसुंबा, बीड, गेवराई, सगळा दिवस गाडीतच जातो. कुलूप काढलं की बंद घराचा कोंदट वास, दाराखालून सरकवलेलं लाईटबिल, लेकरं पेंगुळलेली, नवरा पिशव्या मोजायलाय, आणि माझ्या कानात मात्र अजून आईच्या अंगणातलाच कालवा चालू असतो. लग्नाला चौदा वर्षं झाली. एवढ्या वेळा हे करून मला एक कळलंय, की सण आपोआप होतो पण सणानंतरचे आठ दिवस नीट लावावे लागतात, नाहीतर तिकडून आणलेलं अर्धं वाया जातं. आणि आईनं बांधून दिलेलं बुरशी आली म्हणून टाकताना जो जीव तुटतो तो घरभर पडलेल्या धुण्यापेक्षा जास्त थकवतो. म्हणून मी काय काय करते ते सांगते, ज्याला जे पटेल ते घ्या.

पहिलं काम फोन. एक नाही, दोन. आईला तर आपण करतोच, ती वाटच बघत असते, "पोचलीस का गं माय, काय करूलालीस, लेकरं जेवली का" हे तीन प्रश्न एका दमात. पण दुसरा फोन भावजयीला, वेगळा, तिच्याच मोबाईलवर. ह्याचं कारण असं की आपण निघून आलो तरी ते घर आपल्या मागं चौदा माणसांचं काम घेऊन बसलेलं असतं, वाकळा वाळवायच्या, परातीभर भांडी, उरलेलं फराळ झाकायचं, आणि आमच्याकडं तर ह्याच दिवसांत सोयाबीनची रास पडलेली असते, कापूस वेचायचा असतो, हरभऱ्याच्या नि ज्वारीच्या पेरणीची गडबड असते. शेतकऱ्याच्या घरात दिवाळी ही कामाच्या मधे घुसून होते, हे शहरात राहायला आल्यावर आपण विसरतो. फोनवर लई काही बोलायचं नाही, "पोचलो, तुला लई पडलं ह्या वेळी, आज लवकर झोप" एवढं म्हणलं तरी पुरतं. मी हे तीन-चार वर्षांपास्नं करते आणि त्यानं आमच्यातलं बरंच काही सरळ झालं, ते पुढं सांगते.

मग पाणी. पिशव्या नाही, पाणी. आमच्या इकडं नळाला रोज पाणी येत नाही हे वेगळं सांगायला नको, मराठवाड्यातल्या कितीतरी शहरांत चार, सहा, आठ दिवसांनी नळ येतो आणि लोकांचं सगळं गणित त्या दिवसाभोवती फिरतं. तुम्ही गावाला गेल्तात त्यात नळाचा दिवस येऊन गेला असेल तर टाकी तळाला असणार, म्हणून निघायच्या आधीच शेजारच्या काकूला चावी देऊन ठेवायची आणि टाकी भरून घ्यायला सांगायचं. जमलं नसेल तर आल्या आल्या शेजारी विचारायचं की नळ कधी आला होता, पुढचा कधी, आणि तोवर पुरेल एवढंच धुणं काढायचं.

टाकीत आठ दिवस साठून राहिलेलं पाणी प्यायला घ्यायचं नाही, पण ओतूनही द्यायचं नाही, ते फरशी, संडास, कपड्याला वापरायचं. लातूरला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. त्या उन्हाळ्यात माझी आई भाजी धुतलेलं पाणी आधी भांड्याला आणि मग झाडाला घालायची, ते मी बघितलंय, त्यामुळं साठलेलं पाणी गटारात सोडायला माझा हात होत नाही.

पण एक गोष्ट त्याच रात्री करायची. कूलरमध्ये उन्हाळ्यापासून उरलेलं पाणी, फ्रीजच्या मागचा ट्रे, कुंड्यांखालच्या ताटल्या, गच्चीवरचं टायर नाहीतर डबा, सगळं उपडं करायचं. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडता डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणजे नेमका आपल्या सुट्टीएवढा वेळ. नुसतं पाणी ओतून भागत नाही, अंडी भांड्याच्या कडेला चिकटलेली असतात आणि कोरडीसुद्धा बरेच दिवस टिकतात, म्हणून पिंप, बॅरल आतून घासून घ्यायचं. दिवाळीनंतर आमच्या गल्लीत दरवर्षी कुणाचं ना कुणाचं लेकरू तापानं पडतं, म्हणून हे मी उद्यावर टाकत नाही.

फ्रीजचं थोडक्यात. बंद करून गेला असाल तर दार उघडं ठेवून जायला हवं होतं, नसेल ठेवलं आणि वास येत असेल तर खायचा सोडा टाकून कोमट पाण्यानं पुसायचं, अर्धं लिंबू आत ठेवायचं, रात्रभर दार उघडं. झालं.

आता पिशव्या. ह्याच्यावर जरा जास्त बोलणारे, कारण खरी चूक इथंच होते. दमून आल्यावर आपण म्हणतो उद्या बघू, आणि उद्या ऑफिस, परवा शाळा, चौथ्या दिवशी कुठल्यातरी पिशवीतून आंबूस वास येतो. मी पहिली काही वर्षं तसंच करायचे. एका वर्षी आईनं स्टीलच्या कडीच्या डब्यात लोणी दिलं होतं, वर केळीचं पान, त्यावर फडकं, फडक्याला सुतळी, आणि तो डबा साड्यांच्या पिशवीत गेला आणि मला चौथ्या दिवशी सापडला. पान काळं पडलं होतं, लोणी पिवळं होऊन कडू झालं होतं, आणि आई तिकडं फोनवर विचारत होती की तूप रवाळ झालं का. मी हो म्हणले. ते हो मला अजून टोचतं.

तेव्हापासून नियम केलाय, आल्या रात्री कपड्याच्या पिशव्यांना हात लावायचा नाही पण खाण्याची एकही पिशवी बांधलेली ठेवायची नाही. जमिनीवर जुनी चादर पसरायची, सगळी बोचकी सोडायची, आणि तीन ढीग करायचे. आजच बघायचं ते, ह्या आठवड्यात संपवायचं ते, आणि वाळवून भरायचं ते.

आजच बघायचं म्हणजे लोणी, चीक, ओल्या नारळाच्या करंज्या, दह्याचं काही. लोणी असेल तर थंड पाण्यानं दोन-तीनदा धुऊन ताक काढायचं आणि लगेच कढवायचं, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. बारीक गॅस, सारखं हलवत राहायचं, तळाशी बेरी बदामी झाली की बंद, शेवटी विड्याचं एक पान टाकलं की वास छान येतो. गार झाल्यावर कोरड्या बरणीत, कोरडा चमचा, फ्रीजबाहेर. त्या रात्री घरात जो वास सुटतो ना, त्यानं कोंदटपणा जातो बघा, लेकरं झोपेतनं उठून बेरी मागतात, साखर टाकून द्यायची.

गाय नुकतीच व्यालेली असेल आणि चीक दिला असेल तर तो रात्रीच गूळ, वेलदोडा घालून वाफवायचा, दुसऱ्या दिवसाचा भरवसा नाही.

दुसरा ढीग ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, धपाटे, शेंगाच्या पोळ्या. धपाटे प्रवासातच संपतात, संपले नसतील तर दोन दिवसांत संपवा. शेंगाची पोळी गुळाची असते, आठ दिवस सहज राहते, फक्त हवा लागू द्यायची नाही. उखळात कुटलेल्या चटणीत लसूण असतो, लसणाचा ओलावा असतो, म्हणून पंधरवड्याच्या पुढं ठेवायची असेल तर फ्रीजमध्ये. ज्वारीच्या पिठाचं मात्र ध्यान ठेवा. आई प्रेमानं दहा किलो दळून देते आणि आपण ते दोन महिने पुरवतो, मग भाकरी थापताना कडेनं चिरते, तव्यावर टाकताना तुटते आणि आपण म्हणतो मला भाकरी जमत नाही. भाकरी जमते हो, पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, गेलेला असतो. ताज्या पिठाला विरी असते, जुनं झालं की जाते. म्हणून आईला सांगायचं, दळू नको, ज्वारीच दे, मी इथं पाच-पाच किलो दळून आणते. आणि आता पीठ आलंच असेल तर पंधरा दिवस रोज भाकरी, त्यानंतर उरलेल्या पिठाला उकळतं पाणी घालून उलथण्यानं हलवायचं, पाच मिनिटं झाकून ठेवायचं, मग मळायचं, तरी थापायला येतं.

तिसरा ढीग धान्याचा. दिवाळीच्या सुमारास नवे मूग, उडीद घरात आलेले असतात आणि नुकत्याच काढलेल्या भुईमुगाच्या शेंगा. हे आणल्या आणल्या डब्यात भरू नका. आमच्याकडं परतीचा पाऊस रास करताना गाठतो हे आता नेहमीचंच झालंय, त्यामुळं धान्यात ओल असते. दोन-तीन दिवस कडक ऊन द्यायचं, दाणा दाताखाली कटकन फुटला पाहिजे, मऊ दबला तर अजून एक दिवस. आणि उन्हातनं काढलं की गरम गरम भरायचं नाही, सावलीत रात्रभर गार होऊ द्यायचं, नाहीतर डब्याच्या आत घाम धरतो आणि त्याच घामानं कीड, बुरशी. वाळलेला कडुनिंबाचा पाला तळाशी नि वर. शेंगांचं तर जास्तच जपायचं, शेंग काळी पडलेली, आत दाणा सुरकुतलेला किंवा हिरवट बुरशी असलेला, चवीला कडवट, तर ती सरळ टाकायची, निवडून धुऊन खायची नाही, भुईमुगाच्या बुरशीचं विष भाजल्यानं नि शिजवल्यानं जात नाही आणि ते लिव्हरला वाईट. टाकायचं नाही टाकायचं नाही म्हणत मी एवढं लिहिते आहे पण हे एक टाका.

आता फराळ. आपल्या घरचं, माहेरचं, जावेचं, मावशीचं, सगळं मिळून पाच-सहा प्रकारचे चिवडे होतात. नरम झालेला चिवडा जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर पाच-सात मिनिटं हलवायचा, तेल घालायचं नाही, आणि पूर्ण गार झाल्यावरच डब्यात. चकलीलाही तसंच, पण ती हलवताना तुटते म्हणून तव्यावर एकेक. बेसनाचे लाडू दगड झाले असतील तर फोडून दोन चमचे कोमट तूप घालून पुन्हा वळायचे. शंकरपाळ्याचा चुरा, लाडवाचा चुरा, अनारशाचे तुकडे, हे एकत्र करून दुधात घातलं की लेकरांचा सकाळचा नाष्टा, गोड वेगळं घालावं लागत नाही. वास खवट आला तर मात्र ठेवू नका, तेल बिघडलेलं असतं आणि ते परतून सुधारत नाही.

आणि वाटायचं, लवकर वाटायचं. शेवटच्या आठवड्यात उरलंय म्हणून दिलेलं आणि आल्या दुसऱ्या दिवशी आईकडचं म्हणून दिलेलं ह्यात फरक असतो, घेणाऱ्याला तो कळतो. ह्या वेळी येताना रस्त्यात ऊसतोडीला निघालेले ट्रॅक्टर दिसले, बीड जिल्ह्यातनं दसरा-दिवाळीच्या सुमाराला नवरा-बायकोच्या हजारो जोड्या साखर कारखान्यांकडं जातात, एका जोडीला एक कोयता म्हणतात. ट्रॉलीत चूल, पत्रे, अंथरुणं, कोंबड्या, वर लेकरं बसलेली. चहाला गाडी थांबली तिथं एक ट्रॉली उभी होती, माझ्या मुलीनं तिच्या मांडीवरचा करंज्यांचा डबा तसाच वर बसलेल्या एका पोरीच्या हातात दिला. मी काही बोलले नाही, मला ते लई बरं वाटलं, फक्त डबा आजीचा होता म्हणून करंज्या तिच्या ओढणीत ओतून डबा परत घेतला. त्या डब्याचं पुढं सांगते.

सीताफळं. हा माझा सगळ्यात आवडता भाग. दिवाळीच्या आसपास बालाघाटच्या डोंगराची सीताफळं येतात, मांजरसुंब्याच्या घाटाजवळ बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात, आम्ही तिथं थांबल्याशिवाय पुढं येत नाही. पिकलेलं घेऊ नका, घरी येईपर्यंत लगदा होतो. डोळे उघडलेलं पण कडक असं घ्यायचं. डोळे उघडले म्हणजे फळावरच्या खवल्यांच्या मधल्या फटी रुंद होऊन पांढरट पिवळ्या दिसतात. डोळे मिटलेलं हिरवंगार फळ नुसतं काळं पडतं, पिकत नाही.

घरी आल्यावर ती आढी घालायची. पुठ्ठ्याच्या खोक्यात तळाला पोतं, त्यावर फळं एकमेकांना दाबणार नाहीत अशी, वर जुनं सुती कापड, अंधाऱ्या कोपऱ्यात. कच्चं फ्रीजमध्ये ठेवू नका, साल काळी होते आणि आत दगड राहतो. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी बोटानं हलकं दाबून बघायचं. हे काम मी लेकराकडं दिलंय. सुट्टी संपलेली असते, शाळेत जायचं जिवावर आलेलं असतं, मामाच्या पोरांची आठवण येऊन तोंड पडलेलं असतं, पण उठल्या उठल्या तो खोक्याकडं जातो, कापड उचलतो, एकेक फळ हातात घेऊन अंगठ्यानं दाबतो आणि ओरडतो, "आई, दोन झाली!" मग ती दोन फळं चौघांत. देठाजवळ बोट घातलं की फळ आपोआप उकलतं, आत पांढऱ्या गराच्या पाकळ्या, एकेका पाकळीत काळी चकचकीत बी, सालीला चिकटलेला रवाळ गर चमच्यानं खरवडून खायचा, तो सगळ्यात गोड. एकदम सगळी पिकत नाहीत, दोन आज, तीन उद्या, एक परवा, त्यामुळं माघारी आल्यानंतरचे चार-पाच दिवस रोज सकाळी काहीतरी वाट बघण्यासारखं घरात असतं. लहान लेकरं असणाऱ्यांनी हे करूनच बघा, शाळेचा पहिला दिवस रडारड न होता जातो. एकदम जास्त पिकली तर गर काढून बिया वेगळ्या करून डब्यात फ्रीजरला टाका, महिनाभरानं दुधात घालता येतो. बी मात्र लेकरांना चावू देऊ नका, आणि वाटायची तर मुळीच नाही, ती विषारी असते, डोळ्यात गेली तर डोळ्याला मोठी इजा होते, उवांसाठी बियांची पूड लावायचा जुना उपाय अजून काहीजण सांगतात तो करू नका.

कपड्यांचं लवकर उरकते. उटणं नि तेल लागलेले टॉवेल, उशीचे अभ्रे बाकीच्यांत मिसळू नका, गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून तासभर भिजवा मग धुवा. पैठणी नेसली असेल तर आल्या आल्या कपाटात कोंबायची नाही, सावलीत, वाऱ्यावर दोन-तीन तास पसरून घामाचा ओलावा जाऊ द्यायचा, मग घडी मागच्या वेळेपेक्षा वेगळ्या जागी घालायची कारण जरीची तार एकाच घडीवर तुटते, आणि मऊ सुती कापडात गुंडाळायची. प्लास्टिकच्या पिशवीत नाही, डांबरगोळी जरीला टेकेल अशी नाही, अत्तर वरून मारायचं नाही. माझी पैठणी आईची आहे, तिच्या लग्नानंतर घेतलेली, अजून पदरावरचा मोर जसाच्या तसा आहे, ती ह्या एवढ्यानंच.

आता मनातलं. माहेरी जाऊन आल्यावर नुसता आनंद असतो असं कुणी म्हणत असेल तर म्हणू दे. चौदा माणसं आठ दिवस एका घरात राहिली की कुठंतरी शब्द जातोच. मागं एका दिवाळीत मी सकाळी अंगणात लेकरांना न्हाऊ घालत होते आणि भावजय चुलीपाशी कुणाला तरी म्हणाली, "ताईला काय, चार दिसाचं पाव्हणपण." मला ते आरपार गेलं. गाडीत बसल्यापासून मी तेच घोळवत होते, घरी आल्यावर फॅमिली ग्रुपवर लांबलचक मेसेज टाईप केला होता, पाठवायचं बटन तेवढं दाबायचं राहिलं होतं, नवरा म्हणला आज झोप, उद्या पाठव.

तिथून माझा नियम झाला, माघारी आल्यावर तीन दिवस ग्रुपवर फोटोशिवाय काही टाकायचं नाही. दमलेल्या माणसाला सगळं जास्त लागतं. तिसऱ्या दिवशी मी शांतपणे मोजलं, त्या आठ दिवसांत तिनं रोज किती भाकरी थापल्या, सोयाबीन काढायला माणूस मिळत नव्हतं म्हणून दुपारी ती रानात होती, आणि मी खरंच एकदाही सकाळचा स्वयंपाक अंगावर घेतला नव्हता. मग मी तिला फोन केला. त्या वाक्याबद्दल नाही विचारलं. येसर, म्हणजे आमटीला लावायचं भाजणीचं मसालेदार पीठ, ते कसं करतीस सांग म्हणलं, तिच्या हातच्या येसराच्या आमटीसारखी आमटी माझ्या हातून होत नाही हे खरंच होतं. ती अर्धा तास बोलली, ज्वारी, हरभरा डाळ, गहू किती, मसाला कधी टाकायचा, किती भाजायचं, आणि शेवटी आपणहून म्हणाली, "ताई, त्या दिशी माझं तोंड सुटलं." आता मी गेले की सकाळच्या भाकरी माझ्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी आम्ही वापरलेल्या वाकळांना ऊन देऊन, अभ्रे धुऊन, टॉवेल वाळवूनच पिशवी भरते. तुमच्या घरात काय दुखणं असेल ते तुम्हाला माहीत, पण तीन दिवस थांबून मग त्याच माणसाशी सरळ फोनवर, दुसऱ्याच गोष्टीवरून बोलायला सुरू करा.

ह्याच आठवड्यात अजून एक काम करायचं, ते नंतर राहून जातं. तिथं असताना आईवडिलांच्या तब्येतीत जे डोळ्यानं दिसलं ते कागदावर लिहायचं. आप्पा जिना उतरताना भिंत धरतात, आईला सुईत दोरा ओवता येत नाही, असं. आणि गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो. गेल्या वर्षी मी आप्पांच्या गोळ्यांचे फोटो काढून आणले आणि इथं निवांत बघितले तर बीपीची एकच गोळी दोन वेगवेगळ्या नावांनी दोनदा चालू होती, एक तालुक्याच्या डॉक्टरची, एक लातूरच्या. वरचं मोठं नाव कंपनीचं असतं, खाली बारीक अक्षरात औषधाचं खरं नाव असतं, ते जुळवून बघायचं. आपण स्वतः गोळी बंद करायची नाही, फोटो डॉक्टरला दाखवायचे, त्यांनी एक बंद केली आणि आप्पांची चक्कर थांबली. आणि घरात कुणी ७० वर्षं पूर्ण केलेलं असेल तर आयुष्मानचं कार्ड काढून घ्या, २०२४ च्या ऑक्टोबरअखेरीपासून ह्या वयाच्या सगळ्यांना उत्पन्न न बघता ते मिळतं, दवाखान्यात भरती होऊन घेतलेल्या, वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतच्या उपचारासाठी, आधारकार्ड लागतं.

पुढच्या जाण्याचं आत्ताच ठरवा. आमच्या लातूर, धाराशिव, नांदेडकडं येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, हा दिवाळीएवढाच मोठा सण. रानात कडब्याची कोप म्हणजे खोपी, पांडवांची पूजा, मिसळ भाज्यांची भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, शहरं त्या दिवशी ओस पडतात. ती मार्गशीर्षाची अमावस्या, म्हणजे लक्ष्मीपूजनापासून दोन अमावस्या पुढं, साधारण ५९ दिवस. आणि रेल्वेचं रिझर्व्हेशन नोव्हेंबर २०२४ पासून ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे येळवशीचं तिकीट दिवाळीतच काढायचं असतं. माझा मोठा भाऊ पुण्याला असतो, तो डिसेंबर लागला की बघू म्हणायचा आणि दरवेळी वेटिंगवर लटकायचा, आता लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सकाळी सगळे मिळून मोबाईल घेऊन बसतो. तुमचं राहिलं असेल तर आज बघा. एसटीनं जाणार असाल तर बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि ७५ च्या पुढच्यांना फुकट, त्यामुळं आईआप्पांना इकडं बोलवायलाही ते सोयीचं पडतं. भाऊबीजेनंतर एसटीत उभं राहायला जागा नसते म्हणून आम्ही एकदा खाजगी ट्रॅव्हल्सच्या बसनं आलो, त्यांनी एसटीच्या दुपटीच्या वर घेतले, लेकरं झोपली होती, आम्ही दिले. नंतर कळलं की एसटीच्या दीडपटीच्या वर घेता येत नाही असा नियम २०१८ पासून आहे. तिकिटाचा, गाडीच्या नंबरचा फोटो काढून ठेवायचा आणि आरटीओकडं तक्रार करायची.

राहिले डबे. सगळं रिकामं झालं की आईचे डबे एका जागी गोळा करा, नाहीतर ते आपल्या मांडणीत मिसळतात आणि तिकडं ती झाकणं शोधत बसते. आमच्या घरचे जुने पितळी नि स्टीलचे डबे आहेत, बुडाला ठिपक्या ठिपक्यांनी आजीचं नाव घातलेलं, काहींवर लग्नाची तारीख, अंगठा फिरवला की अक्षरं लागतात. आजी म्हणायची डबा रिकामा फिरवू नये. म्हणून मी रिकामा पाठवत नाही. लोण्याच्या डब्यात आईच्या डोळ्याचे थेंब आणि तिच्या चष्म्याचा नवा दोरा, धपाट्याच्या डब्यात भावजयीसाठी चांगला चहामसाला आणि मी केलेला येसर, चुकला असेल तर सांग म्हणून चिठ्ठी.

करंज्यांच्या डब्यात ह्या वेळी सीताफळाच्या बिया आहेत. आप्पांचा फोन आल्ता, मांजरसुंब्याची फळं गोड असतात, बिया टाकू नको, पावसाळ्यात बांधावर लावू. लेकरानं रोजच्या रोज धुतल्या, वर्तमानपत्रावर सावलीत वाळवल्या, मोजल्या, एकशे बारा भरल्या. डब्यावर मी कागद चिकटवलाय, 'खायच्या नाहीत, पेरायच्या'. शनिवारी आमच्या गावचे एकजण लातूरला चाललेत, त्यांच्याबरोबर जाईल.